मिनिस्त्राच्या रक्ताच्या सहा नळ्या

वाल्पाराइसो, ४ ऑगस्ट

योसेलिन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र फोनसारखं मधेच कापता येत नाही. टेबलावर पडून राहील, त्याच्यावर तू चहाचा कप ठेवशील, आणि एक दिवस कप उचलताना वाचशील. मला घाई नाही. एकाहत्तर वर्षांची झाले, तरी घाई नाही.

पत्ता तुझ्या आईने दिला. "मी दिला म्हणून सांगू नकोस," म्हणाली. तर मी सांगितलेलं नाही, बरं का. पुंता आरेनासला मासळीच्या कारखान्यात खेकडे सोलतेस म्हणे. सोल बाई. खेकडा चांगला असतो. पण बेडकीच्या अंड्यांतला सोनेरी रस सुई टोचून, थेंब न सांडता ओढून घेणारे तुझे हात आता खेकड्याच्या तंगड्या मोडतात, हे मी कुणाला सांगत नाही. शेजारच्या नेल्लीला सांगितलंय, की तू दक्षिण ध्रुवावर संशोधन करायला गेलीस. तसं जवळच आहे.

मी तिसरी शिकलेली. चुका सापडतील. काढत बसू नकोस, वाच.

प्रयोगशाळेतल्या बेडक्या बऱ्या आहेत. नऊ नंबरची म्हातारी अजून अंडी देते, आणि अशी देते की पाहत राहावं, अर्धी काळी, अर्धी पांढरी, एकसारखी, मोत्यासारखी टपोरी. कालच्या नव्या बेडकीने मात्र दोऱ्यात ओवल्यासारखी घाण अंडी दिली. मी आपल्या भिंगवाल्या वाल्देमारला म्हटलं, ही फेकून द्या. तो म्हणाला, "सेन्योरा एर्मे, डॉक्टर इनोस्त्रोसांना विचारायला हवं." मी म्हटलं, डॉक्टरांनी आयुष्यात बेडूक धरलाय का? धरायला गेले तेव्हा तो त्यांच्या बाहीतून आत शिरला होता. आठवतं ना? किती हसलो होतो आपण दोघी, टाक्यांच्या मागे लपून.

मी लहान असताना लिमाचेच्या पाटांत हे नखवाले बेडूक नव्हते. कुणीतरी कुठून आणले, सोडले, आणि आता प्रत्येक तळ्यात तेच. सरकार त्यांना उपद्रवी म्हणतं. एकतीस वर्षं मी त्यांच्या जिवावर जेवले, तुला वाढवलं, तुला विद्यापीठात घातलं. उपद्रवी म्हणे.

तुझी कोंबडी मिनिस्त्रा मजेत आहे. कुणी रक्त काढत नाही म्हणून लठ्ठ झालीय आणि जास्तच मंत्रीणबाईसारखी चालते.

प्रयोगशाळेतला फ्रिज तोच जुना. अजून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यातला बर्फ वितळवावा लागतो. असो. फ्रिजचं मी काय सांगत बसले.

तुझी आजी,
एर्मेलिंदा


वाल्पाराइसो, १७ ऑगस्ट

योसेलिन,

कप उचल आणि खाली बस.

परवा मी टोमॅटो काढले. तेच, फेब्रुवारीत लिमाचेहून आणलेले, अंगावर घड्या पडलेले मोठे टोमॅटो. दरवर्षीसारखे आख्खे फ्रीझरमध्ये टाकले होते. सुरीने चिरा पाडल्या नाहीत, टोचलं नाही, साल जशीच्या तशी. बशीत ठेवले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. परत येते तर बशीत पाणीच पाणी. टोमॅटो बघायला आख्खा. साल कुठे फाटलेली नाही. पण हात लावला तर नुसती पिशवी, आणि आतलं सगळं पाझरून बाहेर.

मी त्या बशीसमोर बसून राहिले. दुपारचं जेवण करपलं. मला तुझ्या सहा नळ्या दिसायला लागल्या.

आता मी सगळं नीट सांगते, कारण मला ते नीट कळतं. अडाणी बाईला काय कळणार असं तुमच्या त्या खोलीत सगळ्यांना वाटतं, पण मी एकतीस वर्षं लादी पुसता पुसता ऐकलंय.

कोंबडीच्या रक्ताच्या तांबड्या पेशीत बी असते, आपल्या तांबड्या पेशीत नसते. हे तूच मला स्वयंपाकघरात सांगितलंस, मिनिस्त्राला काखेत धरून. त्या बीच्या आत तो लांब धागा गुंडाळलेला. पेशीचं वाढणं, दोनाच्या चार होणं कायमचं संपलेलं, त्यामुळे धाग्याची नक्कल करायचं काम बंद. बी झोपलेली. डॉक्टर इनोस्त्रोसा म्हणायचे, धाग्यात आता काही दमच उरलेला नाही, त्याला काय वाटेल ते पाजा, तो उठणार नाही. तू म्हणायचीस, धाग्याला काही झालेलं नाही, बीभोवती जो पापुद्रा आहे तोच कामाची चीज आत जाऊ देत नाही. बेडकीच्या अंड्याच्या रसात सगळं काही आहे, फक्त दार बंद आहे. मग तू तुझ्या त्या साबणासारख्या औषधाने पापुद्र्याला बारीक भोकं पाडायचीस, बी रसात सोडायचीस, आणि ती भिंगाखाली लाल चमकायची. लाल म्हणजे नक्कल झाली. भोकं न पाडलेली बी काळी ती काळीच. सहा महिने असंच, दर वेळी. मी पाहिलंय. तू मला भिंगासमोर बसवून दाखवलंयस.

आणि जूनमध्ये त्या सहा नळ्या. तिनांतल्या बियांना भोकं पाडायची, तिनांतल्या साबूत ठेवायच्या. चमकल्या सगळ्या सहा.

गुरुवारच्या बैठकीत डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "आता भोक न पाडताच जाग आली? मग सहा महिने आम्हाला काय दाखवत होतीस? एक तर तुला नळ्या सांभाळता येत नाहीत, नाहीतर निकाल तू घरी बसून लिहितेस." तू सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलंस. मी दाराशी फडकं घेऊन उभी होते. माझ्याकडेही पाहिलंस. मी फडक्याकडे पाहिलं.

त्याच्या आधीचा शुक्रवार महिन्याचा पहिला होता, पोरी. मी फ्रिज बंद करून बर्फ वितळवला. नेहमी मी नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवते, पण बर्फाचं यंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या फळीवर तुझ्या सहा नळ्या. मला वाटलं, उबेत खराब होतील. म्हणून शेजारच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. थंडच हवं ना, तर जास्त थंड जास्त चांगलं, असं मला वाटलं. घरी सारण टिकवते तशा टिकवल्या. शनिवारी तू यायच्या आधी काढून परत फळीवर ठेवल्या.

म्हणजे तुझ्या साबूत बिया साबूत नव्हत्याच. बर्फाने पापुद्रा फाडला होता, टोमॅटोसारखा. भोकं माझी होती.

फ्रिजच्या दारावर वही टांगलेली आहे, काय हलवलं ते लिहायचं म्हणून. मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही तेही सांगते, मग तुला रागवायचं तर रागव. दोन वर्षांपूर्वी मी त्या वहीत लिहिलं होतं तेव्हा पोरांनी माझं अक्षर एकमेकांना दाखवून हसून घेतलं. हसणाऱ्यांत तूही होतीस. तिथे तू मला आजी म्हणत नव्हतीस, परक्या बाईसारखं सेन्योरा एर्मे म्हणत होतीस. मी समजून घेतलं. डॉक्टर होणाऱ्या मुलीची आजी बेडकांच्या टाक्या घासते, हे कशाला कुणाला कळायला हवं. पण वहीत मी पुन्हा लिहिलं नाही.

मी माफी मागते. एकदाच मागते. तूच सांगितलं होतंस, की भोकातून ती चीज एकदा आत गेली की रस आपणच पापुद्रा बुजवतो, म्हणून नक्कल एकदाच होते, कितीही वेळ ठेवा, दुसऱ्यांदा होत नाही. तसंच समज.

आजी


वाल्पाराइसो, २९ ऑगस्ट

योसेलिन,

उत्तर नाही तर नाही. मी थांबलेली नाही.

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं, आत गेले, आणि न विचारता खुर्चीवर बसले. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले, आधी नुसती पुसलीय. मऊ आहे.

सगळं सांगितलं. फ्रिज, फ्रीझर, टोमॅटो. टोमॅटोवर ते हसले.

"सेन्योरा एर्मे, नातीवर माया असणं मी समजू शकतो," म्हणाले. त्यांना माहीत होतं तर, तू माझी नात आहेस ते! सगळ्यांनाच माहीत होतं म्हणे, वाल्देमार म्हणाला नंतर. नाक सारखं आहे आपलं. बघ, उगाच लपवत होतीस.

मी म्हटलं, "डॉक्टर, मायेचं सोडा. नळ्या मी गोठवल्या. तिने नाही."

"तुम्ही हे जूनमध्ये का बोलला नाहीत?"

"भ्याले. तुम्हाला आणि नोकरीला."

"आणि आता भीती वाटत नाही?"

"एकाहत्तर झाली. काढायचं तर काढा. मग गुरुवारी बेडक्या तुम्ही धरा, बाही घट्ट बांधून."

ते चष्मा काढून डोळे चोळत बसले. वाईट माणूस नाही गं तो. त्याला चूक आवडत नाही एवढंच, आणि स्वतःची तर मुळीच नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या म्हणण्याने काही सिद्ध होत नाही. तिच्या म्हणण्यानेही झालं नव्हतं."

"मग करून बघू," मी म्हटलं.

"कोण करणार?"

"मी."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझे हात चांगले आहेत. अंडी द्यावीत म्हणून बेडकीला सुई मी देते, अंडी मी निवडते, त्यांच्यावरची जेली मी धुऊन काढते, गरगर यंत्रात मी फिरवते. खाली पिवळं, वर चरबी, मधे सोनेरी. तुला सुई धरायला शिकवलं कुणी? त्या भिंतीवरच्या पदव्यांनी?

"भिंगाचं काम वाल्देमार करील," मी म्हटलं. वाल्देमार दाराबाहेर उभा होता, कान लावून. आत येऊन म्हणाला, "हो डॉक्टर, मी करीन," आणि लगेच बाहेर पळाला.

डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण एका अटीवर. नळ्यांवर नुसते आकडे असतील. कुठल्या आकड्याची नळी कसली, ती यादी ते स्वतः करणार आणि खिशात ठेवणार. मोजणाऱ्या वाल्देमारला काही कळता कामा नये, आणि रसात बिया सोडणाऱ्या मलाही नाही.

मी म्हटलं, खिशाला बटण आहे का? आहे म्हणाले.

रक्त ताजं लागतं. म्हणजे मिनिस्त्राला न्यायला हवं. तू तिला नेहमी खोक्यात न्यायचीस, पण खोकं कुठे ठेवलंस मला सापडत नाही. बाजाराच्या पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून बसमध्ये नेणार आहे. ड्रायव्हर काही बोललाच तर सांगीन, मंत्रीणबाई आहेत, विद्यापीठात बैठक आहे.

आजी


वाल्पाराइसो, ९ सप्टेंबर

योसेलिन!

आधी सांगते: तीन काळ्या, सहा लाल.

आता सावकाश वाच.

ड्रायव्हरने मिनिस्त्राचं अर्धं तिकीट मागितलं, बदमाश. मी म्हटलं, ती पेन्शनर आहे. अख्खी बस हसली. प्रयोगशाळेत वाल्देमारने तिच्या पंखाखालून रक्त काढलं, ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं त्याच्या घड्याळाला चोच मारली. नऊ नळ्या. तीन साबूत, बर्फाच्या डब्यात, यंत्र आता दुरुस्त आहे. तीन तुझ्या औषधाने भोकं पाडलेल्या, तुझ्या वहीत लिहिलंय त्याच मापाने. वाल्देमार वाचत होता, मी करत होते. तुझं अक्षरही काही फार सुवाच्य नाही हं. आणि तीन माझ्या, फ्रीझरमध्ये, जूनमध्ये ठेवल्या होत्या तशाच, त्याच कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ नंबरच्या म्हातारीने अंडी दिली. मी तिला आदल्या दिवशी सुई देताना कानात सांगितलं होतं. बेडकीला कान कुठे असतात ते विचारू नकोस, मी जिथे असावेत तिथे सांगितलं. वाटी भरून अंडी, एकही खराब नाही. रस असा निघाला की वाल्देमार म्हणाला, "सेन्योरा, हा तर मध." थेंब सांडला नाही. एक नाही.

मग डॉक्टर आले, नळ्या घेऊन आतल्या खोलीत गेले, आकडे घालून परत आणल्या. बटण लावलं. मी रसात बिया सोडल्या. मग दोन तास बसायचं. डॉक्टर बसले, मी बसले, मिनिस्त्रा पिशवीत बसली. डॉक्टरांनी विचारलं, "या टोमॅटोंचं तुम्ही काय करता?" म्हटलं, कांदा बारीक चिरून कोशिंबीर, पण गोठवलेल्यांचा फक्त रस्सा. ते म्हणाले, त्यांची आई पण करायची. त्यांची आई पण लिमाचेजवळची निघाली! बघ, एकतीस वर्षांत हे कळलं नाही.

वाल्देमार भिंगाला डोळा लावून आकडे सांगत होता. "एक, लाल. दोन, काळी. तीन, लाल. चार, लाल." मी टेबल धरून उभी राहिले. नववी लाल. डॉक्टरांनी बटण काढलं, यादी काढली, वाचली. परत वाचली. मग वाल्देमारला उठवलं आणि स्वतः भिंगावर बसले. एकेक नळी. पाठ वाकलेली.

काळ्या तिन्ही साबूत होत्या. तुझ्या औषधाच्या तिन्ही लाल. माझ्या गोठलेल्या तिन्ही लाल.

कळतंय ना? तू खरी. भोक औषधाने पडो नाहीतर बर्फाने, पापुद्रा फाटला की झोपलेला धागा उठतो. पापुद्रा साबूत, तर नाही उठत. धाग्यात दम आहे! माझ्या चुकीने तुझं म्हणणं मोडलं नाही, उलट आणखी एका बाजूने खरं केलं. मी मिनिस्त्राला पिशवीतून काढून तिच्या डोक्याची पापी घेतली. ती चोच मारायला विसरली.

डॉक्टर म्हणाले, "मी तिला पत्र लिहीन."

"पत्र मी लिहिते," मी म्हटलं. "तुम्ही गुरुवारी बोला. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर. आरोप सगळ्यांसमोर केलात ना."

"सेन्योरा एर्मे—"

"आणि 'एका कर्मचाऱ्याकडून चूक झाली' असं नाही म्हणायचं. माझं नाव घ्यायचं. ओयार्सून, एर्मेलिंदा."

गुरुवारी मी फडकं आणलं नाही. पहिल्या रांगेत बसले, निळा कोट घालून, तुझ्या पदवीच्या दिवशी घातला होता तो. डॉक्टर उभे राहिले, घसा साफ केला. म्हणाले, "योसेलिनचे निकाल बरोबर होते. मी चुकलो. नळ्या सेन्योरा एर्मेलिंदा ओयार्सून यांनी गोठवल्या होत्या आणि त्यांनीच ते शोधून काढलं." खुर्च्यांवरची पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी पण बघितलं त्यांच्याकडे, एकेकाकडे. आता हसा म्हटलं मनात.

मग उठून फ्रिजपाशी गेले, दारावरची वही काढली, आणि जूनच्या त्या शुक्रवारच्या पानावर लिहिलं. समासात, कारण मधे जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "आपण टाइप करून चिकटवू." मी म्हटलं, नको. वेळ लागला, पेन जुनं आहे, पण लिहिलं. काय हलवलं: सहा नळ्या. कुठे: फ्रीझरमध्ये. कोणी: मी. शेवटच्या रकान्यात विचारतात, नळ्या कोणाच्या.

तिथे लिहिलं: माझ्या नातीच्या.

आजी


वाल्पाराइसो, २५ सप्टेंबर

योसेलिन,

तुझं कार्ड काल आलं. घरी नाही, प्रयोगशाळेत. पाकीटसुद्धा नाही, उघडं, मागे पुंता आरेनासच्या समुद्राचं चित्र. टपाल आणणाऱ्याने वाचलं, दारावरच्या रखवालदाराने वाचलं, वाल्देमारने तर दोनदा वाचलं आणि ओरडतच बेडूकखोलीत आला. वर नाव, एर्मेलिंदा ओयार्सून. खाली तुझी ती वाकडी ओळ.

"आजी, नेमके किती तास होत्या? आणि वितळवल्यास कशा?"

सगळ्या दुनियेला दिसेल असं लिहिलंस, आजी म्हणून. मी ते कार्ड फ्रिजच्या दारावर लावलंय, वहीच्या वर. कुणाची बिशाद नाही काढायची. डॉक्टर उभं राहून वाचून गेले. "प्रश्न बरोबर विचारलाय," म्हणाले. मी म्हटलं, विचारणारच. नात कुणाची आहे.

तर आता उत्तर लिहून घे.

शुक्रवारी दुपारी चार ते शनिवारी सकाळी सहा. चौदा तास. जूनमध्ये चौदा, आणि या वेळीही मी मोजून चौदाच ठेवल्या. वितळवल्या मुठीत धरून, दोन्ही वेळा, एका मुठीत तीन, हातमोजे न घालता. किती वेळ लागला ते जूनमध्ये पाहिलं नाही. या वेळी वाल्देमारच्या घड्याळाने सहा मिनिटं.

चार तास ठेवल्या तर काय होईल, आणि तळव्याऐवजी गार पाण्यात वितळवल्या तर काय होईल, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही, मी विचारलं. ते तुला करून बघावं लागेल. खेकड्यांच्या कारखान्यात होत नसतं ते.

मिनिस्त्राचं खोकं सापडलं, तुझ्या पलंगाखाली होतं. धुऊन गच्चीवर वाळत ठेवलंय.

आजी